चुलीपुढे हरलेली राजवट

*चीनमधील साम्यवादी सत्तेने १९५८ साली कोट्यवधी घरांच्या चुली विझवल्या. तरीही घरातली एक उकडलेली पुरचुंडी त्या सत्तेला पुरून उरली. चुलीवरचा आजचा हल्ला अधिक गोड बोलणारा आहे, आणि तो महाराष्ट्राच्या घराघरांत येऊन ठेपला आहे.*

चिनी डंपलिंग घरी कसे करावे, हा विषय राष्ट्रीय विचारांच्या साप्ताहिकात यावा, याचे काहींना नवल वाटेल, तर काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. गलवानच्या खोऱ्यात १५ जून २०२० रोजी वीस भारतीय जवानांनी हौतात्म्य पत्करले. त्यानंतर चिनी पदार्थांवरही बहिष्कार घालावा, अशी हाक देशात दिली गेली. त्या हाकेमागील संताप खराच होता. परंतु संतापाला दिशा नसेल, तर तो खऱ्या अपराध्याला सोडून भलत्यालाच धोपटतो. चीनच्या स्वयंपाकघरातील तो पदार्थ आणि बीजिंगमधील सत्ता यांचे नाते काय, हे आधी तपासले पाहिजे. ते तपासू गेले, तर जो इतिहास समोर येतो तो साम्यवादाचे गोडवे गाणाऱ्यांना अडचणीचा आहे, आणि बहिष्काराच्या घोषणेवर समाधान मानणाऱ्यांनाही अंतर्मुख करणारा आहे.

हनानची पुरचुंडी

या पदार्थाचे चिनी नाव ज्याओझी. मैद्याची पातळ पारी, आत तिखट-खारट सारण आणि आकार आपल्या करंजीसारखा. पाण्यात उकळली तर एक प्रकार, तव्यावर परतली तर दुसरा आणि वाफेवर शिजवली तर झेंगज्याओ. चिनी लोककथा हिचे जनकत्व झांग झोंगजिंग या वैद्याकडे देते. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेला हा वैद्य हनान प्रांतातील नान्यांगचा. थंडीने कान फुटलेल्या गोरगरिबांसाठी त्याने मांस आणि औषधी वनस्पती कणकेत गुंडाळून कानाच्या आकाराच्या पुरचुंड्या केल्या, अशी ती कथा. कथा बाजूला ठेवली तरी पदार्थाचे प्राचीनत्व उरतेच. तुर्फानजवळील अस्ताना येथील तांग राजवटीच्या काळातील थडग्यांतून वाळलेल्या ज्याओझी मिळाल्या आहेत.

उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री सारे कुटुंब एकत्र बसून ज्याओझी करते. एक जण पारी लाटतो, दुसरा सारण भरतो, तिसरा मुडपतो. एखाद्या ज्याओझीत नाणे दडवलेले असते. ते ज्याच्या वाट्याला येईल, त्याचे वर्ष भाग्याचे. त्याआधी साधारण आठवडाभर चुलीच्या देवतेची पूजा होते. झाओ जुन नावाचा हा देव घरातील बरेवाईट स्वर्गाधिपतीच्या कानी घालतो, म्हणून त्याच्या चित्रातील ओठांना गोड लावून त्याला निरोप देतात. अग्नीला नैवेद्य दाखवून मगच पान वाढणाऱ्या हिंदू घराला यात परके वाटण्याजोगे काय आहे? चूल हे देवतेचे स्थान आहे आणि अन्न हा संस्कार आहे, ही आशिया खंडातील प्राचीन समाजांची समान जाणीव आहे. साम्यवादाला नेमकी हीच जाणीव सलत होती.

कढई गेली, चूल गेली

घरगुती स्वयंपाक हे सार्वजनिक उद्योगाचे काम व्हावे, हा विचार माओच्या डोक्यातून अकस्मात उगवला नाही. एंगल्सने कुटुंबसंस्थेवरील आपल्या १८८४ च्या ग्रंथात तो मांडला होता. लेनिनने १९१९ साली सार्वजनिक भोजनालयांना साम्यवादाचे अंकुर ठरवले होते. माओने केले ते एवढेच, की पोथीतील विचार साठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशावर बळाने लादला.

१९५८ साली 'महाझेप' सुरू झाली. देशातील पहिला कम्यून म्हणून ज्याचा डंका पिटला गेला, तो याच हनान प्रांतातील शिन्यांग विभागात, सुइपिंग परगण्यात स्थापन झाला. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये पक्षश्रेष्ठींनी कम्यूनच्या धोरणावर शिक्कामोर्तब केले. पाहता पाहता ग्रामीण चीनमधील बहुसंख्य जनता सार्वजनिक भोजनालयांत जेवू लागली. घरी शिजवणे हा बुरसटलेपणा ठरला. घरातील धान्य काढून घेण्यात आले. कढया, पातेली आणि चुलींचे लोखंड परसातील भट्ट्यांत वितळवून 'पोलाद' करण्यात आले. ते पोलाद बहुतांशी निकामी निघाले. कढई मात्र गेली ती गेलीच!

पहिले काही महिने भोजनालयांत पोटभर खाण्याची चंगळ झाली. मग धान्य संपले. उत्पादनाचे आकडे फुगवून वर पाठवले गेले होते, आणि त्या फुगीर आकड्यांच्या प्रमाणात सरकारी वसुली झाली. कोठारांत धान्य आणि कोठाराबाहेर प्रेते, असे दृश्य शिन्यांगने पाहिले. त्या एका विभागातील सुमारे ऐंशी लाख लोकांपैकी दहा लाखांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. १९५९ ते १९६१ या काळात संपूर्ण देशात किती माणसे दगावली, याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. यांग जिशेंग या पत्रकाराने स्वतः पक्षाचा सदस्य असूनही वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळून हा आकडा तीन कोटी साठ लाख मांडला. त्यांचे वडील १९५९ साली याच उपासमारीत गेले होते. 'टूम्बस्टोन' या नावाने जगाला ज्ञात झालेला त्यांचा ग्रंथ २००८ साली हाँगकाँगमध्ये छापावा लागला. चीनच्या मुख्य भूमीत त्याला बंदी आहे.

यातील मेख नीट समजून घेतली पाहिजे. दुष्काळ जगात अनेक ठिकाणी पडले. परंतु ज्या घरात चूल आहे, कणगीत चार मुठी दाणे आहेत आणि चिमूटभर वाचवून ठेवण्याचे स्वातंत्र्य आहे, ते घर दुष्काळाशी झुंजते. पाला शिजवते, कोंडा भाजते, पण पोरांच्या तोंडात काहीतरी घालते. चीनच्या शेतकऱ्याकडून ती झुंजच हिरावून घेण्यात आली होती. ज्याच्या घरी पातेले नाही, त्याने रानातून आणलेली भाजी कशात शिजवावी? ज्याचे जेवण सरकारी पळीवर अवलंबून, त्याचा श्वासही सरकारी पळीवर अवलंबून! विरोधात बोलणाऱ्याचे ताट बंद करणे हे शिक्षेचे सर्रास वापरले जाणारे हत्यार होते. अखेर १९६१ साली ही भोजनालये गुंडाळावी लागली. शेतकरी घरी परतला आणि त्याने पहिल्यांदा चूल मांडली.

तरीही राजवटीला शहाणपण आले नाही. १९६६ साली सांस्कृतिक क्रांती आली. चुलीच्या देवाची चित्रे फाडली गेली. १९६७ साली नववर्षाची सुट्टीच रद्द झाली, आणि ती परत मिळण्यास सत्तरच्या दशकाची अखेर उजाडली. पण लोकांनी घरात ज्याओझी करणे काही सोडले नाही. शेवटी कोण जिंकले? २८ डिसेंबर २०१३ रोजी शी जिनपिंग बीजिंगमधील एका साध्या उपाहारगृहात रांगेत उभे राहिले, २१ युआन मोजून त्यांनी वाफवलेले बाओझी घेतले आणि त्याची छायाचित्रे देशभर झळकली. ज्या पक्षाने कढया वितळवल्या, त्याच्या सर्वोच्च नेत्याला लोकप्रियतेसाठी वाफेच्या टोपलीचाच आधार घ्यावा लागला. आजींच्या चुलीपुढे पोथीनिष्ठ साम्यवाद हरला, याहून वेगळा पुरावा कोणता हवा?

दुसरा हल्ला पाकिटाचा

साम्यवाद हरला, म्हणून चूल जिंकली असे मात्र झाले नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांतून एकात्म मानववाद मांडला. साम्यवाद आणि भांडवलशाही वरवर परस्परांचे वैरी असले, तरी माणसाचा तुकड्या-तुकड्यांनी विचार करण्याचा दोष दोघांतही आहे, हे त्यांचे मूलगामी निरीक्षण होते. चीनच्या स्वयंपाकघराने ते अक्षरशः खरे करून दाखवले. पूर्वी सरकारी पळी होती, आता कंपनीचे पाकीट आले. नव्वदच्या दशकापासून त्याच हनान प्रांतातील झेंगझोऊ हे शहर गोठवलेल्या ज्याओझींच्या उत्पादनाचे मोठे केंद्र बनले. घरातील सामूहिक कृती कारखान्यातील पट्ट्यावर गेली.

त्याचे काय फळ मिळाले, ते हनानला लागूनच असलेल्या हेबेई प्रांताच्या उदाहरणावरून दिसते. डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये जपानमधील दहा जणांना गोठवलेली ज्याओझी खाऊन विषबाधा झाली. त्यात मेथॅमिडोफॉस हे कीटकनाशक सापडले. माल हेबेईतील एका कारखान्याचा होता. विष आपल्या देशात मिसळले गेलेच नाही, असा पवित्रा चिनी अधिकाऱ्यांनी घेतला. दोन वर्षांनी, मार्च २०१० मध्ये, त्याच कारखान्यातील एका माजी हंगामी कामगाराला अटक झाली आणि २०१४ साली त्याला जन्मठेप सुनावण्यात आली. त्याचा राग कशावर होता? वेतनावर आणि हंगामी ठेवल्या गेल्यावर! कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या देशातील कामगाराची ही व्यथा, आणि तिचा सूड उगवला गेला तो परदेशातील घरांच्या ताटांवर. २००८ सालीच मेलामाइन मिसळलेल्या दूधभुकटीने चीनमध्ये सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली.

ज्या हाताने शिजवले तो हात आणि जे मुख जेवते ते मुख यांच्यातील अंतर जितके वाढते, तितके उत्तरदायित्व घटते, हा या घटनांचा धडा आहे. चीनच्या नावाने बोटे मोडून तो टाळता येणार नाही. आज पुण्या-मुंबईतच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावीही गोठवलेल्या डंपलिंगची पाकिटे शीतकपाटात आहेत आणि मोबाइलवर कळ दाबताच दहा मिनिटांत दाराशी येतात. त्यांवर छापलेली घटक-द्रव्यांची यादी किती घरांत वाचली जाते?

बहिष्कार नेमका कशावर?

येथे बहिष्कारवाद्यांशीही दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. महाराष्ट्रातील 'चायनीज'च्या गाडीवर जे विकले जाते, त्याचा चीनशी संबंध नावापुरता आहे. ज्या 'मंच्युरियन'शिवाय या गाडीचे पान हलत नाही, तो पदार्थ कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत सिद्ध केला, असे सर्वत्र मानले जाते. ती गाडी बंद पाडल्याने बीजिंगचे एका युआनचेही नुकसान होत नाही. नुकसान होते ते कोबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे आणि गाडी ओढणाऱ्या मराठी तरुणाचे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात चीनबरोबरच्या व्यापारातील भारताची तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. ती शेजवान चटणीने वाढलेली नाही. विद्युत उपकरणांचे सुटे भाग, यंत्रे, रसायने आणि औषधांची मूलद्रव्ये यांनी वाढवली आहे. हातातील चिनी मोबाइलवरून 'चिनी खाणे सोडा' असा संदेश पाठवणे म्हणजे स्वदेशी नव्हे. स्वदेशी म्हणजे आपल्या हाताने निर्माण करण्याची क्षमता. या कसोटीवर घरच्या मोदकपात्रात केलेली ज्याओझी ही पाकीटबंद आणलेल्या मोदकापेक्षा अधिक स्वदेशी ठरते, हे कितीही कटू वाटले तरी सत्य आहे.

एका बाबतीत मात्र कठोर असलेच पाहिजे, आणि ती बाब नावाची आहे. गाड्यांवर 'चायनीज मोमो' असे फलक सर्रास दिसतात. शब्दाचे मूळ चिनी बोलींत शोधले जात असले, तरी मोमो हा तिबेटच्या आणि नेपाळमधील नेवार समाजाच्या चुलीचा पदार्थ आहे. चीनने १९५० साली तिबेटमध्ये सैन्य घुसवले. १९५९ साली दलाई लामांना भारतात आश्रय घ्यावा लागला. त्यांच्या मागोमाग आलेल्या निर्वासितांनी जे थोडे सोबत आणले, त्यात मोमो होता. हे सारे दूर हिमालयातील नव्हे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत नांदते आहे. विदर्भाच्या मातीने पोटाशी धरलेल्या या माणसांच्या अन्नाला 'चायनीज' म्हणणे, हा त्यांचा उपमर्द आहे.

बीजिंगला नावांचे सामर्थ्य चांगले कळते. नोव्हेंबर २०२३ च्या आपल्या श्वेतपत्रिकेत त्या सरकारने इंग्रजीतही तिबेटऐवजी 'शिझांग' हे नाव वापरले. अरुणाचल प्रदेशातील गावे, पर्वत आणि नद्यांना परस्पर चिनी नावे देण्याचा उद्योग २०१७ पासून अनेकदा झाला आहे. ते नकाशावरील नावे पुसत असताना येथे फलकावर ती फुकट बहाल केली जात आहेत! ज्याओझीला चिनी म्हणावे आणि मोमोला तिबेटी म्हणावे. इतका विवेक तरी पाळला गेला पाहिजे.

मोदकपात्रातील ज्याओझी

आता कृतीकडे. ज्याला उकडीचा मोदक येतो, त्याला झेंगज्याओ येण्यास वेळ लागत नाही. पाण्यात उकळायच्या ज्याओझीसाठी चिनी गृहिणी मैदा थंड पाण्यात भिजवते. त्यामुळे पारी चिवट होते आणि उकळत्या पाण्यात फुटत नाही. वाफवण्यासाठी मात्र कडकडीत पाणी लागते. त्याने पिठातील स्टार्च शिजतो, चिवटपणा कमी होतो आणि पारी मऊ राहते. तांदळाच्या पिठाची उकड काढण्यामागे हेच शास्त्र आहे. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गरम पाणीच त्याला बांधून ठेवते. हजारो मैलांवरच्या दोन स्वयंपाकघरांनी प्रयोगशाळेवाचून एकच सत्य हस्तगत केले, ही लहान गोष्ट नव्हे.

दोन वाट्या मैद्यात, म्हणजे साधारण पाव किलोत, चिमूटभर मीठ घालून पाऊण वाटीच्या आसपास उकळते पाणी थोडे थोडे ओतावे, उलथन्याने कालवावे आणि हाताला सोसेल इतके निवल्यावर मळावे. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. सारणासाठी चीनमध्ये बहुधा डुकराचे मांस वापरतात. परंतु तेथील बौद्ध मठांच्या परंपरेत अळंबी आणि टोफूचे शाकाहारी सारणही रूढ आहे. आपल्याकडे बारीक चिरलेला कोबी मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावा आणि घट्ट पिळून काढावा. सारे यश या पिळण्यात आहे, कारण पाणी राहिले की पारी फाटते. त्यात परतलेली अळंबी, पनीर किंवा टोफू, आले, कांद्याची पात, मिरपूड आणि थोडे तिळाचे तेल घालावे. पारी मध्ये किंचित जाड आणि कडेला पातळ लाटावी. सारण भरून अर्धी दुमडावी आणि एका बाजूला मोदकासारख्या कळ्या पाडत कड मिटवावी. मोदकपात्राच्या चाळणीवर कोबीचे किंवा केळीचे पान अंथरून आठ ते दहा मिनिटे वाफ द्यावी. चिनी बांबूची टोपली वाफेचे पाणी शोषून घेते. आपले झाकण धातूचे, म्हणून त्याला फडके बांधावे. नाही तर थेंब पडून पारी चिकट होते.

बंधन की संस्कार?

यावर 'पुरोगामी' गोटातून येणारा आक्षेप ठरलेला आहे. स्वयंपाकघराचे गोडवे गाणे म्हणजे स्त्रीला पुन्हा चुलीशी जखडणे! या आक्षेपाला टाळ्या घेऊन उत्तर देता येणार नाही, कारण त्यात तथ्यांश आहे. सणाच्या दिवशी घरातील एक स्त्री पहाटेपासून एकवीस मोदकांच्या नैवेद्यासाठी राबते आणि पुरुष 'झाले का' म्हणून विचारत फिरतात, हे दृश्य संस्कृतीचे भूषण नाही. परंतु यावरचा साम्यवादी उपाय चीनने करून पाहिला. चुलीपासून 'मुक्त' झालेली स्त्री शेतात आणि धरणाच्या कामावर जुंपली गेली आणि संध्याकाळी रिकामे भांडे घेऊन रांगेत उभी राहिली. भांडवली उपायही समोर आहे. त्यात चूल सुटते, पण ती सुटल्याने वाचलेला वेळ घराच्या वाट्याला येतोच असे नाही.

तिसरा मार्ग उत्तर चीनच्या नववर्षाच्या रात्रीत दिसतो. ज्याओझी एकट्याने करायचा पदार्थच नव्हे. आजोबा पिळतात, बाप लाटतो, मुले वेड्यावाकड्या कळ्या पाडतात आणि त्या हसत हसत खाल्ल्या जातात. काम वाटले गेले की ओझे उरत नाही, उत्सव होतो. महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. दिवाळीपूर्वी शेजारणी एकत्र बसून करंज्या करीत, कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानांवर पातोळ्यांचे पीठ सारे घर मिळून थापत असे. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या पोरांच्या हाती येत आणि तेथेच त्यांचे पहिले पाककौशल्याचे धडे होत. आज गणेश चतुर्थीचा मोदक मागणी नोंदवून घरी येतो. नैवेद्याचे ताट भरलेले दिसते. पण कळ्या पाडता येणारी बोटे घरात एका पिढीने कमी झालेली असतात.

चीनमध्ये सत्तेने कढया काढून नेल्या, तेव्हा लोकांपाशी निदान रडण्याचा अधिकार होता. येथे कोणी कढई हिसकावत नाही. ती आपण होऊनच माळ्यावर टाकली जात आहे आणि तिच्यासोबत कुटुंबाला एका पाटाभोवती बसवणारे निमित्तही जात आहे. कुटुंब प्रबोधनाची व्याख्याने जे करू शकत नाहीत, ते पिठाचा एक उंडा करू शकतो. घरातील मुलाला चिनी डंपलिंग हवे असेल, तर त्याला देशद्रोहाचे प्रवचन देऊ नये आणि दुकानातील पाकीटही आणून देऊ नये. त्याच्या हाती लाटणे द्यावे, पुरुषांनी शेजारी बसावे आणि माळ्यावरचे मोदकपात्र खाली काढावे. ज्या बोटांना ज्याओझीची कड मिटवता आली, त्यांना पुढच्या चतुर्थीला मोदकाची कळी पाडणे अवघड जाणार नाही.